ज्याचं लॉगिन त्याचं

सकाळी आठला महाड सोडलं. नाते आणि कोंझर मागे टाकत पाचाडला पोचायला पाऊण-एक तास लागतो. रायगडाच्या पायथ्याशी सहली आणि शिवभक्तांच्या राहण्या-जेवणाची सोय बघणारी एक छोटी कचेरी आहे, तिचं नेटवर्क मी सांभाळतो. नाव सांगत नाही. सहा संगणक, मागच्या खोलीत एक लहान सर्व्हर, एक प्रिंटर आणि मधूनच गायब होणारं इंटरनेट, एवढाच पसारा. कोणी कोणत्या संगणकावर बसायचं, कोणाला काय दिसायचं आणि कोणी काय केलं याची नोंद कशी राहायची, हे माझं काम.

जून म्हणजे इथे कामाचा कळस. ६ जूनला राज्याभिषेक दिन, मग तिथीप्रमाणे पुन्हा सोहळा आणि १७ जूनला जिजाऊंची पुण्यतिथी. १६७४ साली राज्याभिषेकानंतर अकराच दिवसांनी जिजाऊंनी पाचाडला देह ठेवला. त्यांची समाधी इथेच आहे, त्यामुळे समाधीच्या दर्शनालाही गर्दी होते. पावत्या फाडायला हात कमी पडतात आणि नेमकी अशाच वेळी वीज जाते.

नऊ वाजता काउंटरवरचा संगणक कोणालाच आत घेईना. पासवर्ड बरोबर, तरी नकार. रात्री वीज गेली होती. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर २०३२, संपलेली असली की वीज गेल्यावर संगणकाची तारीख थेट काही वर्षं मागे जाते. सर्व्हर आणि संगणक यांच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की ओळख पटवण्याची व्यवस्था अडून बसते. कव्हर उघडलं, बॅटरी बदलली, वेळ लावली, काम सुरू झालं. पण घड्याळाचं महत्त्व लॉगिनपुरतं नाही. घड्याळ चुकलं की लॉगमधली प्रत्येक वेळ खोटी ठरते, आणि खोट्या वेळेच्या नोंदीवर कोणाला दोषी धरता येत नाही की निर्दोष ठरवता येत नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या निर्देशांत घड्याळं अधिकृत सर्व्हरशी जुळवायला सांगितली आहेत आणि लॉग १८० दिवस जपायला. लहान कचेऱ्यांत हे फारसं कोणी वाचलेलं नसतं.

दहा वाजता चहाबरोबर लॉग वाचायला बसलो. विंडोज प्रत्येक घटनेला एक क्रमांक देते. ४६२४ म्हणजे कोणीतरी आत आलं, ४६२५ म्हणजे प्रयत्न फसला, ४७४० म्हणजे चुकीचे पासवर्ड टाकून टाकून खातं कुलूपबंद झालं. ११०२ दिसला तर मात्र चहा बाजूला ठेवायचा, कारण त्याचा अर्थ कोणीतरी सुरक्षा लॉगच पुसला आहे. आज तसं काही नव्हतं. सुरक्षा लॉगची मूळ मर्यादा फक्त २० एमबी असते. ती भरली की जुन्या नोंदींवर नव्या चढतात, म्हणून ती वाढवून ठेवली आहे. फायलींची पाळतही सगळीकडे लावलेली नाही, फक्त पावत्यांच्या फोल्डरवर. सगळ्यावर लावली तर नोंदींचा असा पूर येतो की हवी ती हाती लागत नाही.

अकराला मॅनेजरसाहेबांनी आत बोलावलं. परवा रात्री नऊ बेचाळीसला दोन हजार चारशे रुपयांची एक पावती रद्द झाली होती, काउंटरवरच्या ताईच्या नावाने. ताई कंत्राटी, सगळ्यांत कमी पगाराची. “तिचं जरा बघा,” एवढंच साहेब म्हणाले, पण आवाजात निकाल लागलेला होता. बाहेर ताई मान खाली घालून पावत्या लावत होती.

ती नोंद कोणत्या संगणकाची ते पाहिलं. मागच्या खोलीतला निघाला. त्याचा स्वतःचा लॉग उघडला. नऊ एकोणचाळीसला ४६२४, खातं ताईचं, लॉगॉन टाइप २. टाइप २ म्हणजे माणूस त्याच संगणकासमोर बसून आत आला. रिमोट डेस्कटॉपने दुरून आला असता तर टाइप १० दिसला असता. ताईच्या काउंटरवरच्या संगणकाचा लॉग मात्र संध्याकाळी पावणेसहाला बंद झालेला. ती सहाच्या एसटीने घरी गेल्याचं तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या रात्री खोलीत हजर होते फक्त रात्रपाळीचे काका.

काकांना विचारलं, तर त्यांनी लपवलं नाही. “अहो, एकाच ग्रुपची पावती दोनदा निघालेली. ते लोक पहाटे गड चढणार, पैसे परत मागत होते. माझ्या नावाने रद्द होत नाही. ताईचा पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिलेला असतो, तो टाकला.” हिशेब तपासला. पावती खरंच दुबार होती, पैसेही बरोबर परत गेले होते. चोरी कुठेच नव्हती. तरी तासाभरापूर्वी एका मुलीची नोकरी टांगणीला लागली होती.

मी इथे साहेबांशी भांडलो, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. पासवर्ड वाटला म्हणून माणसाला दटावण्याआधी त्याला कोणता अधिकार हवा होता आणि दिलेला नव्हता, हे विचारलं पाहिजे. रात्री दुबार पावती रद्द करणं हे काकांचं रोजचं काम आहे, मग तो अधिकार त्यांच्याच खात्याला हवा. काम एकाचं आणि अधिकार दुसऱ्याच्या खात्याला, अशी रचना असेल तर कागदावरची पॉलिसी कितीही कडक लिहा, पासवर्ड कॅलेंडरच्या मागेच राहणार.

जेवणानंतर तो बदल केला. रद्द करण्याचा अधिकार काकांना दिला, पण पाचशेच्या वरची रक्कम परत करायची असेल तर दुसऱ्या खात्याने मान्यता द्यायची. साहेबांना वाटलं, एवढ्याशा कचेरीला हा थाट कशाला? मी खिडकीतून दिसणाऱ्या गडाकडे बोट दाखवलं. शिवकाळात गडाचा कारभार एका हाती नसे. हवालदाराकडे शिबंदी आणि दरवाजाच्या किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी आणि लिखापढी, कारखानिसाकडे धान्य आणि दारूगोळ्याची कोठारं. एकाने ठरवून गड शत्रूच्या हवाली करणं अवघड व्हावं, अशी ती मांडणी होती. आज ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाचा पैसा ऑनलाइन काढायलाही दोन वेगवेगळ्या डिजिटल सह्या लागतात. साहेबांनी मान डोलावली.

तीनला खात्यांची साफसफाई. सोहळ्यापुरती घेतलेली दोन मुलं आहेत, त्यांना स्वतंत्र खाती दिली आणि १८ जून ही मुदत घातली. त्या दिवसानंतर खातं आपोआप चालेनासं होईल, कोणाला आठवण ठेवायला नको. मे महिन्यात एक जण महाड एमआयडीसीत नोकरीला गेला, त्याचं खातं बंद केलं, पण पुसलं नाही. खातं पुसलं की फायलींच्या मालकीत आणि परवानग्यांत माणसाच्या नावाच्या जागी फक्त आकड्यांची लांबलचक माळ उरते आणि सहा महिन्यांनी ती कोणाची हे कोणीच सांगू शकत नाही.

चारला सगळ्यांना पाच मिनिटं बोलावलं. या पट्ट्यात पासवर्ड ओळखायला हॅकर लागत नाही. गडाचं नाव आणि पुढे १६७४ टाकून बघावं. डोमेनच्या मूळ पॉलिसीत दर ४२ दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती असते. त्यामुळे लोक शेवटचा आकडा तेवढा एकाने वाढवतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०१७ मध्येच अशी ठरावीक मुदतीची सक्ती नको म्हटलं आहे. म्हणून इथे सक्ती काढली आणि लांबी चौदा अक्षरांची केली. एकमेकांशी संबंध नसलेले, आपल्यालाच आठवतील असे चार शब्द घ्या, असं सांगितलं. पाच वेळा चुकलं तर खातं पंधरा मिनिटं बंद. ताईने कॅलेंडर उतरवून मागचा कागद फाडला. “दादा, आता माझं कोणी टाकणार नाही ना?” तिने विचारलं. नवा पासवर्ड तिने स्वतः टाकला, मी तोंड फिरवून उभा होतो.

पाचनंतर बॅकअप. पावत्या आणि लॉग दोन डिस्कवर; एक इथे कपाटात, दुसरी मी महाडला नेतो. २२ जुलै २०२१च्या पुरात महाडातल्या कितीतरी कचेऱ्यांचे संगणक कागदपत्रांसकट पाण्यात गेले. तेव्हापासून माझ्याकडची डिस्क वरच्या मजल्यावर असते, आणि एकाच गावात दोन्ही प्रती ठेवायच्या नाहीत हे पक्कं ठरलं आहे. सहाला निघालो.

तुमची कचेरी चार माणसांची असली तरी उद्या एवढं करा: सगळ्यांत कमी पगाराच्या माणसाला स्वतःचं लॉगिन आहे का, आणि त्याचा पासवर्ड दुसऱ्या कोणाला माहीत आहे का, ते विचारा. असेल, तर त्याच दिवशी बदलून द्या.