समान अंतराचे आकडे

ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या गृहिणीला विचारा. ठिपके चुकले की पुढची रेघ कितीही सुबक ओढली तरी रांगोळी बिघडायचीच, असे ती सांगेल. आलेखाचेही तसेच आहे. त्यातील वक्ररेषा आपणांस अखंड दिसते, परंतु गणकयंत्र आडव्या अक्षावर समान अंतराने काही आकडे घेते, प्रत्येकापाशी उंची काढते आणि ते बिंदू रेघांनी जोडते. हे आकडे कसे तयार करावयाचे, एवढाच आज आमचा विषय आहे.

व्हिज्युअल प्रोग्रॅमिंग म्हणजे यंत्राला ओळीमागून ओळ आज्ञा न लिहिता पडद्यावर चौकटी मांडावयाच्या आणि त्या तारांसारख्या रेघांनी जोडावयाच्या. १९८६ साली निघालेली ‘लॅबव्ह्यू’ ही प्रणाली याच पद्धतीची. तीत ‘फॉर लूप’ नावाची चौकट असते. तिला दहा सांगितले की ती आतले काम दहा वेळा करते व दर खेपेस अनुक्रमांक देते. मात्र मोजणी शून्यापासून, म्हणजे ० ते ९.

समजा, ० पासून १ पर्यंत दहा आकडे हवेत. नवशिका म्हणतो, अनुक्रमांकाला दहाने भागले की झाले! पण मग शेवटचा आकडा ०.९ येतो आणि आलेख टोकाला पोहोचण्यापूर्वीच तुटतो. चूक कोठे झाली? दहा हात कुंपणाला हाताहातावर मेढ रोवा. मेढी दहा नव्हे, अकरा लागतात. मेढी आणि त्यांमधील गाळे यांत एकाचा फरक असतो. आकडे दहा तर गाळे नऊ. म्हणून भागावयाचे ते नवाने.

दुसरी चूक अधिक लपून राहते. मागच्या आकड्यात ०.१ मिळवीत पुढे जाणे सोपे वाटते. पण यंत्राच्या द्विमान पद्धतीत ०.१ नेमका मावतच नाही. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहिताना तीन संपत नाहीत, तसेच हे. एवढ्याशा फरकाने काय बिघडते? २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा सुमारे शंभर तास सतत चालू होती. तिचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजी आणि त्या संख्येला किंचित तोकड्या ०.१ ने गुणी. तेवढ्यानेच सुमारे ०.३४ सेकंदाचा फरक पडला. येणारे क्षेपणास्त्र अडवले गेले नाही आणि २८ सैनिक प्राणांस मुकले. पायरीतील चूक पायऱ्यांच्या संख्येने वाढते, ती अशी. म्हणून पायरी आधी तोकडी करून ठेवू नये. दोन्ही टोके पक्की धरावी. प्रत्येक अनुक्रमांकाला एकूण अंतराने गुणावे, मग गाळ्यांनी भागावे आणि आरंभीच्या आकड्यात मिळवावे. म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या माथी बसत नाही.

राहता राहिला प्रश्न, आकडे किती घ्यावे? ज्या-लहरीचे एक पूर्ण आवर्तन घ्या आणि आरंभ, मध्य व शेवट असे तीनच बिंदू मोजा. तिन्ही ठिकाणी उंची शून्य! आलेख सपाट रेघ दाखवील आणि लहर होती हे कोणास कळणारही नाही. पाच बिंदू घेतले तर निदान चढउतार दिसतो. पन्नास घेतले तर वळण गोलाईला येते.

तेव्हा, आलेख पाहताना रेघेच्या डौलावर भुलू नये. तिच्याखालचे ठिपके किती, कोठून कोठवर आणि कसे मांडले, हे आधी विचारावे.