‘कवच’ बदलले, तर कोणत्या चाचण्या पुन्हा घ्याव्यात?

लखनौच्या आलमबाग भागाजवळील मानकनगरात रेल्वेच्या संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटनेचे, अर्थात आरडीएसओचे, मुख्यालय आहे. ‘कवच’ या स्वदेशी सुरक्षा प्रणालीची मानके येथे निश्चित केली जातात. लोको पायलटने वेळेवर ब्रेक लावला नाही, तर ही प्रणाली स्वतःहून ब्रेक लावते. १६ जुलै २०२४ रोजी आरडीएसओने ‘कवच’च्या ४.० या आवृत्तीला मान्यता दिली. गाडीच्या स्थानाची अधिक अचूक नोंद आणि मोठ्या यार्डांतील सिग्नलची सुधारित माहिती, हे तिच्यातील प्रमुख बदलांपैकी होत.

सॉफ्टवेअरमध्ये असा बदल झाला की, पूर्वी उत्तीर्ण झालेल्या चाचण्यांपैकी कोणत्या पुन्हा घ्याव्यात, हा प्रश्न उपस्थित होतो. या पुनर्तपासणीला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात. प्रत्येक लहान बदलानंतर सर्व चाचण्या घेणे वेळखाऊ ठरते. केवळ नव्या सुविधेची तपासणी केल्यास जुन्या कामात शिरलेला दोष नजरेतून सुटतो.

यावर संगणकशास्त्रज्ञ ग्रेग रॉदरमेल आणि मेरी जीन हॅरॉल्ड यांनी १९९७ मध्ये एक पद्धत मांडली. प्रत्येक चाचणी प्रोग्रामच्या कोणत्या भागांतून जाते, याची नोंद ठेवली जाते. जुन्या व नव्या आवृत्तीची तुलना करून बदललेल्या भागातून जाणाऱ्या सर्व चाचण्या निवडल्या जातात. समजा, स्थान मोजणारा भाग बदलला. ब्रेक केव्हा लावायचा, हे त्याच स्थानावरून ठरत असल्याने ब्रेकच्या भागातील एकही ओळ बदललेली नसली, तरी त्याची चाचणी पुन्हा घ्यावी लागते.

मात्र, या पद्धतीलाही मर्यादा आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील सॉफ्टवेअर एरियन-४ वरून जसेच्या तसे घेण्यात आले होते. नव्या रॉकेटच्या वेगळ्या उड्डाणमार्गानुसार त्याची चाचणी झाली नव्हती. प्रोग्राम तोच होता, परिस्थिती बदलली होती.

रेल्वेसाठीही हा धडा महत्त्वाचा आहे. नवा मार्ग, वाढलेला वेग किंवा वेगळ्या रचनेचे यार्ड हाही बदलच होय. म्हणून चाचण्या निवडताना प्रोग्रामबरोबरच तो जेथे चालणार आहे, ती परिस्थितीही विचारात घ्यावी लागते. वगळलेल्या प्रत्येक चाचणीचे कारण नोंदवणे आणि नवी आवृत्ती प्रत्यक्ष मार्गावर येण्यापूर्वी संपूर्ण संच एकदा तपासणे, हीच प्रवाशांच्या सुरक्षिततेची हमी ठरते.