न मोजलेली हवा

प्रीमियर पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन तपं उलटली. तरी भूममध्ये माझी अजून चालते. मध्यंतरी मात्र तिचं बिनसलं. रस्त्यावर झकास पळायची, पण उभी राहिली की थरथरायची, बंद पडायची. एकानं थेट नवा कार्ब्युरेटर सुचवला. पेन्शनीत ते परवडणार कसं?

आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी आधी चोक ओढला. इंजिन सावरलं! म्हणजे पेट्रोलच्या मानानं हवा जास्त होत होती. इंजिन कार्ब्युरेटरमधून मोजूनमापून हवा ओढतं. पॅकिंग वाळलं किंवा रबरी नळी तडकली, की न मोजलेली हवा आत शिरते. वेगात ती खपून जाते, आयडलिंगला नडते. बँकेतल्या माणसाला हे चटकन पटतं : मोठ्या उलाढालीत किरकोळ गळती दिसत नाही, धंदा मंदावला की उघडी पडते.

मग डिस्ट्रिब्यूटर वाचवत मिस्त्रींनी सांध्यासांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारला. कार्ब्युरेटरच्या बुडाशी येताच इंजिनाचा सूर बदलला. चोर सापडला! (काही महाभाग इथे पेट्रोल शिंपडतात, तापल्या इंजिनावर तो आगीशी खेळ.) पॅकिंग बदललं, नट सारखे आवळले, गाडी शांत झाली.

सुटे भाग एक वेळ शोधून मिळतील. इंजिन ऐकणारा असा कान कुठून आणायचा?