आधी घराची सवय बदला

“किती गुटगुटीत आहे!” हे शब्द कोणत्या आईला आवडत नाहीत? पण तेच मूल दहाव्या वर्षी जिना चढताना धापा टाकू लागले, की घरात हुकूम सुटतो: “आजपासून तुझं गोड बंद!” असा हुकूम कितीसा टिकतो?

बंगळूरच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेने ६ ते १६ वर्षांच्या ५९८ मुलांची पाहणी केली. कमी झोप आणि जास्त टीव्ही यांचा जादा वजनाशी संबंध असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत दिसले. पण रात्री उशिरापर्यंत टीव्ही लावतो कोण? बहुधा मोठी माणसेच!

म्हणूनच अमेरिकेतील संशोधक लिओनार्ड एपस्टाइन यांनी आईवडिलांनाही उपचारात सामील केले. कुटुंबे गटाने जमत, खाण्याची वही ठेवत. पदार्थांना सिग्नलचे रंग होते: हिरवे मनसोक्त, पिवळे बेताने, लाल क्वचित. पालक व मूल दोघांनी सवयी बदललेल्या गटात दहा वर्षांनंतरही मुलांचा स्थूलपणा कमी राहिला होता, हे १९९० साली प्रसिद्ध झाले. फक्त मुलावर भर दिलेल्या गटात तसे घडले नाही.

एका भेटीत हे साधत नाही. अमेरिकी तज्ज्ञमंडळ वर्षभरात किमान २६ तासांचे मार्गदर्शन सुचवते. गटात मुलाला आपल्यासारखी इतर मुले भेटतात. लाज कमी होते.

आपल्या डॉक्टरांना विचारा: चार-पाच कुटुंबांना एकत्र बोलवाल का? तोवर आज रात्री टीव्ही लवकर बंद करा, सगळ्यांसाठीच.