रेझरची फट आणि गालाची आग

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागात दाढीनंतर गालाची आग झाली की पहिला दोष ब्लेडला मिळतो. 'हे ब्लेड लागतं, ते चालतं' असं म्हणत माणसं पाकिटं बदलत राहतात. ब्लेडाब्लेडांत फरक असतो, हे खरं. पण दुधारी ब्लेड म्हणजे साधारण 43 मिलिमीटर लांब, 22 मिलिमीटर रुंद आणि जेमतेम 0.1 मिलिमीटर जाड अशी पोलादाची पट्टी. ती किती वाकवली जाते, कुठे आवळली जाते, तिची धार किती बाहेर येते आणि कोणत्या कोनात त्वचेला भिडते, हे सगळं रेझरचं डोकं ठरवतं. किंग कॅम्प जिलेट यांना 1904 साली अमेरिकेत पेटंट मिळालं ते याच जोडीसाठी: पातळ, वापरून टाकण्याजोगं ब्लेड आणि त्याला घट्ट धरून ठेवणारं डोकं. म्हणून तेच ब्लेड एका रेझरमध्ये मवाळ वाटतं आणि दुसऱ्यात ओरबाडतं.

रेझर घेताना सर्वांत जास्त बोललं जातं ते फटीबद्दल. फट म्हणजे ब्लेडची धार आणि खालची दांडी यांच्यातलं अंतर. ते मोठं असलं की रेझर जहाल, लहान असलं की मवाळ, असा सरसकट समज आहे. तो अर्धाच खरा आहे. फटीमुळे फेस आणि केस यांना जायला किती वाट मिळते हे ठरतं. त्वचेला धार किती जाणवणार, हे मात्र त्याहून जास्त उघडिपीवर अवलंबून असतं. दाढी करताना रेझरची वरची टोपी आणि खालची दांडी या दोन्ही गालाला टेकतात. या दोन टेकूंना जोडणारी सरळ रेघ कल्पा. धार त्या रेघेच्या बाहेर आली असेल तर उघडीप जास्त, आत दबली असेल तर कमी. फट मोठी पण धार आत, असा रेझर सौम्य चालू शकतो. फट लहान आणि धार बाहेर, तर रेझर चावतो.

हे घरी डोळ्यांनी पाहता येतं. ब्लेड बसवून रेझर उजेडासमोर बाजूने धरा आणि जाड पुठ्ठ्याची सरळ कड टोपी आणि दांडी या दोन्हींवर टेकवून बघा. पुठ्ठा दोन्हीकडे नीट टेकला आणि धारेपाशी उजेडाची बारीक रेघ दिसली, तर धार आत आहे. पुठ्ठा आधी धारेवरच अडला, तर धार बाहेर आहे. मग रेझर फिरवून दुसरी बाजूही तशीच पाहा, आणि बोट धारेपासून लांब ठेवा. खूपदा दोन बाजू सारख्या निघत नाहीत, कारण ब्लेड किंचित तिरपं बसलेलं असतं. 'एका बाजूने छान होते, दुसऱ्या बाजूने लागते' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच सापडतं. ब्लेडची टोकं चिमटीत सरळ धरून दांडा पुन्हा आवळला की काम होतं.

काही जण दांडा मुद्दाम अर्धा आटा सैल ठेवतात. त्याने दाढी गुळगुळीत होते म्हणतात. फट वाढते हे खरं, पण ब्लेडची पकडही सुटते. टोपीखाली ब्लेड वाकवून आवळतात ते त्याला ताठपणा यावा म्हणून. सपाट पत्रा हाताने लवतो आणि पन्हळीचा पत्रा छपराचा भार पेलतो, तसंच हे आहे. पकड सुटलेलं पातळ ब्लेड राठ केसावर थरथरतं, आणि ती थरथर गालावर खरखर म्हणून जाणवते. मोठी उघडीप हवी असेल तर तशा बांधणीचा रेझर घ्यावा. अंतर बदलता येणारे रेझर 1950च्या दशकापासून बाजारात आहेत. त्यांत फट वाढवली तरी ब्लेडची पकड टिकावी अशी रचना केलेली असते.

जोर देण्याची सवय तर फार नडते. दांडी आणि धार यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते तिथे त्वचा फुगून वर येते. हात दाबला की ती आणखी फुगते, आणि आत दबलेली धारही तिच्यात रुतते. म्हणजे मवाळ रेझर दाबून वापरला की तोही जहाल होतो. जड दांड्याचा रेझर बरा वाटतो तो एवढ्याचसाठी, की त्याच्या वजनावर विसंबून हात हलका ठेवता येतो.

कोनाचंही तसंच आहे. 'रेझर तीस अंशांत धरा' हे ऐकून माणसं दांडा तीस अंशांत धरतात. तीसच्या आसपास असावा लागतो तो धारेचा त्वचेशी होणारा कोन, आणि दांडा कुठे धरल्यावर तो साधतो हे प्रत्येक रेझरच्या डोक्यानुसार बदलतं. आधी नुसती टोपी गालाला टेकवा, दांडा चेहऱ्यापासून दूर, जवळजवळ काटकोनात. मग तो हळूहळू खाली आणा. केस कापल्याचा आवाज जिथे सुरू होईल तिथे थांबा. त्याहून खाली नेलात तर धार केस कापायचं सोडून कातडी खरवडू लागते.

फणीसारख्या दातांचा रेझर म्हणजे हमखास कापणार, ही भीतीही सोडावी. दातांच्या मधून फेस आणि लांब केस धारेपर्यंत पोचतात, म्हणून चार दिवसांच्या दाढीला तो सोयीचा पडतो. त्याचा स्वभाव मवाळ की जहाल, हे पुन्हा उघडीपच ठरवते.

जुनं ब्लेड मऊ चालतं, हाही भ्रम आहे. पोलाद केसापेक्षा कितीतरी कठीण. तरी केस धारेचे बारीक टवके काढतो, हे अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 2020 साली सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. टवके उडालेली धार केस ओढते, आणि ओढ बसली की हात आपोआप दाब वाढवतो.

पाती जास्त म्हणजे दाढी चांगली, हे समीकरण आपल्याकडे पाण्यापाशी येऊन अडतं. जिलेट कंपनीने 2002च्या सुमाराला भारतासाठी आणलेला व्हेक्टर रेझर आधी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून तपासून घेतला होता. तिथे नळाला धार होती. इथे माणूस पाटावर बसून वाटीभर पाण्यात दाढी करतो. केस अडकले की ते निघेनात. नंतर कंपनीच्या लोकांनी भारतातल्या घरांत बसून दाढ्या पाहिल्या आणि 2010 साली गार्ड आणला: एकच पातं, कातडी सपाट ठेवणारी मोठी फणी, आणि थोड्या पाण्यात खळखळून साफ होईल अशी मोकळी रचना. पाणी जपून वापरणाऱ्या घरात साधा दुधारी रेझरही याच कारणाने सोयीचा. त्याचं डोकं पूर्ण उघडतं.

आणि आता पाणी. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात रेझरला दिलेला निम्मा दोष बोअरच्या पाण्याचा असतो, असं मला ठामपणे वाटतं. या पाण्यातले क्षार साबणाशी मिळून चिकट साका धरतात; फेस उठत नाही, उठला तरी टिकत नाही. फेस बसला की टोपी आणि दांडी कोरड्या कातडीवर घासतात, मग बांधणी कितीही चांगली असो. उकळूनही हे पाणी पुरेसं मऊ होत नाही, कारण उकळल्याने कठीणपणाचा फक्त एक भाग जातो. पिण्यासाठी आणलेल्या आरओ फिल्टरच्या पाण्यातून अर्धा कप बाजूला काढा. आधी तेच चोळून दाढी दोन-तीन मिनिटं भिजू द्या, म्हणजे केस पाणी पिऊन नरम होतो. मग त्याच पाण्यात ब्रश बुडवून फेस करा. रेझर खळबळायला बोअरचं पाणी चालेल. ब्लेड तेच, रेझर तोच ठेवा. आग थांबली तर नवा रेझर घ्यायची गरज नाही. नाहीच थांबली, तर पुठ्ठा काढून दोन्ही बाजूंची उघडीप बघा.