न्हाणीघराचे छत : झाकावे की उघडे ठेवावे?

बदलीच्या गावी भाड्याची सदनिका पाहताना आपण खोल्या मोजतो, पाणी किती वेळ येते ते विचारतो. न्हाणीघरात मान वर करून मात्र सहसा कोणी पाहत नाही. अहिल्यानगरच्या सावेडी भागातील अशाच एका सदनिकेत आम्ही वर पाहिले, तर नवेकोरे पांढरे फॉल्स सीलिंग आणि कोपऱ्यात चहाच्या रंगाचा डाग! डागामागचा स्लॅब मात्र दिसत नव्हता.

वरच्या मजल्यावरील न्हाणीघराचा स्लॅब बहुधा खोलगट ठेवतात. त्यात नळ बसवून विटांचे तुकडे भरतात आणि वर फरशी घालतात. जोड सुटला की पाणी या भरावात साठते व वाट मिळेल तेथून झिरपते. म्हणून गळती एकीकडे आणि डाग दुसरीकडे. अंघोळीनंतर ठिबकणे वाढत असेल, तर दोष सांडपाण्याच्या नळात किंवा फरशीच्या सांध्यांत असावा. रात्रंदिवस सारखेच ठिबकत असेल, तर टाकीकडून येणारा नळ तपासावा.

झिरपणारे पाणी काँक्रीटमधील चुना विरघळवते. हवेतील कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन स्लॅबखाली कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर जमतो. काँक्रीटचा सामू १२ च्या वर असतो, तोवर आतील सळई गंजत नाही. चुना निघून गेला की हे संरक्षण जाते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, स्लॅबला तडे जातात आणि ढलपे कोसळतात. प्रश्न शोभेचा नाही, डोक्यावरच्या भाराचा आहे.

आता छताचे पर्याय पाहू. पीओपी म्हणजे सुमारे १५० अंश सेल्सिअसला तापवून पाणी कमी केलेले जिप्सम. पाण्यात कालवले की त्याचे पुन्हा जिप्सम होते. ते सच्छिद्र असल्याने पाणी शोषते, जड होते आणि ताकद घटून खाली झुकते. ओलरोधक जिप्सम फलक दमट हवा सोसतो, सततची गळती नव्हे. पीव्हीसीच्या पट्ट्या पाण्याने बिघडत नाहीत. पण याच गुणामुळे गळती महिनोन्‌महिने लपते.

म्हणून गळक्या इमारतीत उघडा, चुना लावलेला स्लॅब सर्वांत प्रामाणिक. ओल आली की लगेच दिसते. वरच्या घराचे नळ झाकायचेच असतील, तर पीव्हीसीच्या पट्ट्या घ्याव्यात आणि जोडाखाली उघडता येणारे झाकण ठेवावे. पाणी दिव्याच्या वायरीपाशी पोचले असेल, तर आधी वीज बंद करावी. दुरुस्ती मात्र वरच्या मजल्यावरूनच व्हायला हवी.

वर्गात एक प्रयोग करता येईल. जिप्समचा खडू वजन करून पाण्यात बुडवा, पुन्हा वजन करा आणि मोडून पाहा. स्लॅबखालच्या पांढऱ्या थराचा तुकडा मिळाल्यास त्यावर व्हिनेगर टाका. तो फसफसेल, खडू फसफसणार नाही. मग विद्यार्थ्यांना विचारा : डाग रंगवून घर भाड्याने दिले, तर गळती थांबली का?