एक ‘निगेटिव्ह’ अहवाल पुरेसा का नसतो?

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले. त्यानंतर अतिदक्षता विभागांपुढे एक नवा प्रश्न उभा राहिला. अपघातात जखमी झालेला वा पक्षाघाताने बेशुद्ध पडलेला रुग्णही बाधित असू शकत होता. मात्र खोकला वा तापाविषयी तो काहीच सांगू शकत नव्हता. म्हणून लक्षणे नसली, तरी दाखल होतानाच चाचणी करणे आवश्यक ठरले.

परंतु एका चाचणीने शंका मिटत नाही. आरटीपीसीआरसाठी सहसा नाक व घशातील स्राव घेतात. आजाराच्या आरंभी विषाणू तेथे विपुल असतो. पुढे तेथील प्रमाण घटते, फुफ्फुसांत मात्र तो टिकून राहू शकतो. गंभीर रुग्ण बहुधा याच टप्प्यावर अतिदक्षता विभागात पोहोचतात. अशा वेळी अहवाल निगेटिव्ह असूनही छातीचे सीटी स्कॅन संशयास्पद असल्यास चाचणी पुन्हा केली जाते. व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या श्वासनलिकेतून खोलवरचा स्रावही घेता येतो.

चूक दोन्ही बाजूंनी महागात पडते. बाधिताला निर्धोक मानल्यास शेजारचे दुर्बल रुग्ण, डॉक्टर व परिचारिका धोक्यात येतात. निरोगी व्यक्तीला बाधितांच्या कक्षात हलवल्यास तिला तेथेच संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे संशय फिटेपर्यंत रुग्णाला स्वतंत्र ठेवणे, हाच सुरक्षित मार्ग ठरतो. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा नमुना मागितल्यास नातेवाइकांनी तो अनाठायी खर्च समजू नये.